गिरणगावाचे साहित्य : गावाकडील टोक

गिरणगावाच्या साहित्याचा विचार मराठी समीक्षेत बहुधा दोन अंगांनी झाला आहे : कामगारवर्गाचे साहित्य म्हणून आणि महानगरीय साहित्य म्हणून. दोन्ही दृष्टी उपयुक्त आहेत. मात्र दोहोंत या जीवनाचे एक टोक निसटते. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड, वरळी या वस्तीचे दुसरे टोक कोकणात आणि घाटावर होते. त्या टोकाकडून हे साहित्य वाचले असता काय दिसते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील काळात गिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या प्रदेशांत रत्नागिरी जिल्हा अग्रभागी राहिला. राजापूर तालुक्यातील नाटे हे जैतापूर खाडीकाठचे, यशवंतगडाच्या पायथ्याचे गाव या संदर्भात उदाहरणादाखल घेता येईल. किनाऱ्यावरील बोटवाहतूक चालू होती तोवर मुसाकाजी, जैतापूर ही बंदरे या परिसराची मुंबईकडील दारे होती. चाकरमानी गावमंडळाच्या खोलीत दाटीवाटीने राही, खानावळीत जेवे आणि शिमगा-गणपतीला गावी येई. ही केवळ गावाची ओढ नव्हती. गिरणीच्या मजुरीत मुंबईत बिऱ्हाड थाटणे अनेकांना परवडत नसे. मुलांचे संगोपन, आजारपण आणि म्हातारपण यांचा भार गावाकडची भातशेती आणि ती कसणारी स्त्री वाहत असे. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप दीर्घकाळ तग धरू शकला, यामागे संपकऱ्यांना गावी मिळालेला आसरा हेही एक कारण होते.

साहित्यात या टोकाचे काय झाले? चिपळूण येथे जन्मलेल्या मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' या कादंबरीत गिरणी कामगारांचे जीवन मराठी कथात्म साहित्यात आणले. नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (1962) आणि 'माझे विद्यापीठ' (1966) या संग्रहांनी त्या जीवनाला समर्थ काव्यरूप दिले. परंतु सुर्वे हे गिरणी कामगाराने सांभाळलेले अनाथ मूल. त्यांच्या कवितेतील 'मी'ला परतण्यासाठी गाव नाही. शहर हेच त्याचे जन्मस्थान आणि शाळा होते. हे त्यांच्या कवितेचे सामर्थ्य आहे. समीक्षेने मात्र हा अपवादात्मक अनुभव गिरणगावाचा प्रातिनिधिक अनुभव मानला आणि गाव विस्मृतीत गेले.

याउलट अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत मुंबईतील पुरुष आणि गावी राहिलेली स्त्री यांच्यातील अंतर हाच भावाशय आहे. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्नही त्याच विरहाच्या रूपकातून मांडला जातो. तरीही तेथे बोलतो तो पुरुषच. जयंत पवार यांचे 'अधांतर' (1997) हे नाटक संपानंतरच्या चाळीतील कुटुंब उभे करते. तेथे आई कुटुंबाच्या केंद्रस्थानी आहे. पण ती चाळीतली आई आहे. गावी राहून गिरणीचा अदृश्य खर्च सोसणारी स्त्री या महत्त्वाच्या कृतींत स्वतःच्या आवाजात क्वचितच येते.

तिचा आवाज नव्हता असे नाही; तो छापला गेला नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरील ओव्यांचे जे संकलन केले, त्यावरून असे मौखिक साहित्य केवढे विपुल असू शकते याची कल्पना येते. नाट्यासारख्या गावांत ओव्या, फुगडीची गाणी, जाखडीतील पदे, जुनी पत्रे आणि मनिऑर्डरच्या कूपनावरील दोन-चार ओळींचा मजकूर यांचा शोध याच प्रश्नाच्या अनुरोधाने घ्यावयास हवा.

गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि मनोरे उभे आहेत. संपाच्या वेळी घर चालविणाऱ्या स्त्रिया आज वार्धक्यात आहेत. कोकणातील महाविद्यालयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरांत हे साहित्य अजून स्मरणात असेल. प्रबंधाचा विषय ग्रंथालयात शोधण्यापूर्वी त्यांनी तो आजीपाशी शोधावा. हे काम लांबणीवर टाकल्यास गिरणगावाच्या साहित्याचा इतिहास कायमचा एकटोकी राहील.