पुन्हा विद्यापीठात जावे का? दीघजाणूचा प्रश्न आणि आपला प्रश्न



मागच्या महिन्यात ट्रुगानिनातील एका उपासकांच्या घरी धम्मवर्ग झाला. वंदना आटोपली, चहा झाला, आणि कप गोळा करताना एका तरुणाने मला बाजूला घेतले. "काका, मी आता २७ वर्षांचा. परत युनिव्हर्सिटीत गेलो तर लोक हसतील का?"

हा मुलगा इथल्याच एका मोठ्या गोदामात रात्रपाळी करतो. आयटीच्या पदवीची दोन वर्षे झाल्यावर वडील आजारी पडले आणि त्याने शिक्षण सोडले. आज तो टीम लीडर आहे, लग्न झाले आहे, घराचे हप्ते चालू आहेत. पुढे तो म्हणाला, "घरी कोणी काही बोलत नाही. पण हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिलो की डिग्री सोडल्याची लाज वाटते."

त्याची ओळख न देता, त्याला विचारूनच हा प्रश्न इथे घेतला आहे. आपल्या अनेक घरांत हा प्रश्न आहे, फक्त तो कोणी मोठ्याने विचारत नाही. 'शिका' हा शब्द आपण पाळण्यापासून ऐकतो. त्यामुळे ज्याचे शिक्षण मधेच थांबले, त्याला आपण बाबासाहेबांशी बेइमानी केली असे वाटू लागते. म्हणून सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू.

बाबासाहेबांचेही शिक्षण थांबले होते

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. १९१६ मध्ये ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी प्रवेश घेतला. अभ्यास रंगात आला असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुंबईला परतावे लागले. हातात लंडनची पदवी नाही, बॅरिस्टरी अर्धवट. ज्या जहाजातून त्यांचे सामान व पुस्तके येत होती, तेही युद्धात बुडाले.

पुढे बडोद्याची नोकरी आणि तिथला छळ आपल्याला ठाऊक आहे. पण लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी केलेल्या एका कामाकडे आपले लक्ष कमी जाते. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. म्हणजे निघताना दार उघडे ठेवले होते, आणि ते कधीपर्यंत उघडे आहे हेही माहीत होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार बरा होता, तरी राहणे परळच्या चाळीतच ठेवले आणि पैसे साठवले. याच काळात जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू झाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. जवळ स्वतःची बचत होती, छत्रपती शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज होते. चार वर्षांची मुदत संपायला अजून वर्षाहून अधिक अवधी होता. तेव्हा त्यांचे वय होते २९.

म्हणजे आपला हा तरुण बाबासाहेबांपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. शिक्षण थांबणे आणि शिक्षण सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबण्यात लाज नाही. मात्र परत जायचे की नाही हे लाजेवर ठरवू नये. लाज वाटते म्हणून घेतलेला प्रवेश पहिल्या अवघड सत्रात गळून पडतो. मग कशावर ठरवायचे?

दीघजाणूला दिलेले उत्तर

अंगुत्तर निकायाच्या आठव्या निपातात व्यग्घपज्ज सुत्त आहे. कोलीय कुळातला दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे येतो आणि सरळ सांगतो, की आम्ही मुलाबाळांच्या रगाड्यात राहणारी माणसे, चंदन-माळा वापरणारी, सोने-रुपे हाताळणारी. आमच्यासारख्यांचे याच जीवनात हित होईल असे काही सांगा. भगवंत त्याला संसारावरून बोल लावत नाहीत. ते गृहस्थाच्या ऐहिक हिताच्या चार गोष्टी सांगतात: उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता. शिक्षणाच्या निर्णयाला हीच चार मापे लावून पाहू.

१. उट्ठानसंपदा: उद्योग, पण विचारपूर्वक

शेती, व्यापार, गोपालन, राजसेवा किंवा कोणतेही शिल्प, ज्यावर उपजीविका आहे त्यात दक्ष असावे, आळस नसावा, असे भगवंत सांगतात. पण एवढ्यावर ते थांबत नाहीत. उपाय कोणता याची मीमांसाही करता आली पाहिजे, असे ते जोडतात. नुसती मेहनत पुरत नाही.

बाबासाहेब 'एखादी पदवी' घ्यायला गेले नव्हते. एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी ही तीन नेमकी कामे घेऊन ते गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. असा त्याचा हिशोब लागला. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध कपाटात राहिला नाही. पुढे भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी त्याच विषयावर साक्ष दिली.

म्हणून पहिला प्रश्न असा: पदवीनंतर मी असे कोणते काम करणार आहे, जे आज मला करता येत नाही? रजिस्टर्ड नर्स, शिक्षक, इंजिनियर व्हायचे असेल तर पदवीवाचून दार उघडत नाही. पण काही कामांसाठी टेफचा अभ्यासक्रम पुरतो, आणि व्हिक्टोरियात अनेक अभ्यासक्रम फ्री टेफमध्ये येतात. पात्र पर्मनंट रेसिडेंटनाही त्यांचा लाभ मिळतो. आमच्या आयटीत तर कित्येकदा एखादे सर्टिफिकेशन आणि हातचा अनुभव पुरतो. मंगल सुत्तात बहुश्रुतपणा आणि शिल्प दोन्ही मंगल म्हटली आहेत. हातातले कौशल्य कमी दर्जाचे, असा धम्माचा निवाडा नाही. तो जातिव्यवस्थेचा आहे, आणि तो आपण परदेशात सोबत आणायला नको.

२. आरक्खसंपदा: मिळवलेले राखणे

कष्टाने मिळवलेले चोर, आग, पाणी यांपासून राखावे, असे सुत्त सांगते. आपल्याकडे मिळवलेले म्हणजे फक्त पैसा नव्हे. पूर्वी उत्तीर्ण झालेले विषयही आपली मिळकत आहेत. जुन्या विषयांचे क्रेडिट नव्या प्रवेशात किती धरले जाईल, हे विद्यापीठाला अर्ज करून लेखी विचारा. किती जुने विषय धरायचे याचा नियम ठिकठिकाणी वेगळा असतो, म्हणून उशीर करू नका. बाबासाहेबांनी चार वर्षांची परवानगी मिळवली, तसेच हे आहे.

दुसरी राखण तारखेची. इथे प्रत्येक विषयाला सेन्सस डेट असते. त्या तारखेपर्यंत विषय सोडला तर त्याची फी लागत नाही. नंतर सोडला तर पूर्ण फी अंगावर येते. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑफिसातले सगळे करतात म्हणून मीही एका अभ्यासक्रमाला नाव घातले. दोन आठवड्यांतच कळले, की हे आपल्या कामाचे नाही आणि त्याला वेळही नाही. तरी 'बघू, बघू' करत राहिलो आणि तारीख उलटली. विषय अर्धवट राहिला, पैसे पूर्ण गेले. चूक विद्यापीठाची नव्हती. उपायाची मीमांसा न करता उडी मी मारली होती.

३. कल्याणमित्तता: कोणाला विचारायचे, भार कोण उचलणार

श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा असलेल्या माणसांशी बोलावे, त्यांच्याकडून शिकावे, असे सुत्त म्हणते. बाबासाहेबांना भथेना होते, शाहू महाराज होते. लंडनला प्रा. एडविन कॅनन होते. कॅनन यांनी रुपयावरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि त्यातच आपले मतभेदही नोंदवले. कल्याणमित्र असा असतो. नुसते 'घे रे, घे प्रवेश' म्हणणारा मित्र पुरत नाही. त्या क्षेत्रात आज काम करणाऱ्या दोघांना तरी विचारा: मला नोकरी द्यायची झाली तर तुम्ही काय पाहाल?

आणि एक नाव राहिले: रमाई. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात बसू शकले, कारण परळच्या चाळीतला संसार त्यांनी ओढला. बाबासाहेबांनी ते विसरले नाही. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. पण आपण रमाईंचे गुणगान करून आपल्या घरातल्या बाईवर तोच भार गृहीत धरू नये. एका विषयाला आठवड्याला साधारण १० तास लागतात. ते १० तास कोणाच्या वाट्याचे आहेत? मुलांना शाळेतून कोण आणणार, स्वयंपाक कोण करणार, आईला डॉक्टरकडे कोण नेणार? हे फॉर्म भरण्याआधी कागदावर लिहा आणि दोघांनी वाचा. शिकायचे तिला असेल, तर कागद तोच, फक्त कामांसमोरची नावे बदलतील.

४. समजीविता: तराजू हातात धरणे

तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले, किती उचलले हे कळते. तसे गृहस्थाला आय आणि व्यय कळावा. मिळकत थोडी आणि खर्च थाटाचा, असा माणूस उंबर खाणाऱ्यासारखा उधळतो. मिळकत मोठी असून जो स्वतःला उपाशी ठेवतो, तोही चुकतो. दोन्ही टोके भगवंत नाकारतात.

आपला तराजू असा. सरकारी अनुदानाची जागा, म्हणजे कॉमनवेल्थ सपोर्टेड प्लेस, नागरिक व पर्मनंट रेसिडेंट दोघांनाही मिळू शकते. पण हेक्स-हेल्प कर्ज मुख्यतः नागरिकांसाठी आहे. पर्मनंट रेसिडेंटला आपला वाटा आधीच रोख भरावा लागतो. तात्पुरत्या व्हिसावर सहसा पूर्ण फी. म्हणून नागरिकत्व जवळ आले असेल तर एक-दोन सत्रे थांबणे शहाणपणाचे ठरू शकते.

विद्यार्थ्याचा वाटा शाखेप्रमाणे बदलतो. २०२५ साली पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला नर्सिंग किंवा शिक्षणशास्त्रात तो साधारण ४,६०० डॉलर होता, आयटी व इंजिनियरिंगमध्ये ९,३००, तर कायदा व वाणिज्यात जवळपास १७,०००. हेल्प कर्जावर व्याज नाही, पण दर १ जूनला ते महागाईनुसार वाढते; आता महागाई आणि वेतनवाढ यांपैकी जो दर कमी तो लागतो. २०२५-२६ साली सक्तीची परतफेड ६७,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावरच सुरू होत होती. म्हणजे हे सावकारी कर्ज नव्हे. तरी कर्जच आहे, आणि घराचे कर्ज मागताना बँक ते मोजते. शिवाय पाळ्या कमी केल्या तर बुडणारा पगार फीपेक्षा मोठा असू शकतो. तोही पारड्यात टाका.

वेळेचाही तराजू आहे. पूर्णवेळ म्हणजे सत्राला चार विषय. नोकरी करणाऱ्याने एक किंवा दोन घ्यावेत. आपल्या जवळच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीत एका वेळी एकच विषय चार आठवडे शिकवण्याची ब्लॉक पद्धत आहे. ओपन युनिव्हर्सिटीज ऑस्ट्रेलियामार्फत अनेक विषय सुटे, घरबसल्या घेता येतात. पूर्ण पदवीची उडी मारण्याआधी एक विषय घेऊन पाहा. रात्रपाळीनंतर पुस्तक उघडते की मिटते, ते तिथेच कळेल.

उत्तर 'नाही' आले तर

चारही मापे लावून उत्तर 'आत्ता नाही' आले, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. फक्त त्याला तारीख लावा: केव्हा पुन्हा पाहणार, तोपर्यंत किती साठवणार. तारीख नसलेले 'पुढे बघू' म्हणजे सोडणेच. आणि उत्तर 'हो' आले, तर पहिल्या नापासाला घाबरू नका. बाबासाहेबांचा डी.एस्सी.चा प्रबंधही दुरुस्त करून द्यायला सांगितला गेला. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथूनच प्रबंध सुधारून पाठवला आणि मग पदवी मिळाली.

आपल्या तरुणाने अजून ठरवलेले नाही. जुन्या विषयांच्या क्रेडिटसाठी त्याने अर्ज केला आहे, आणि तो व त्याची बायको तो कागद लिहायला बसले आहेत. मला यातच समाधान आहे. बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभे राहताना त्याच्याकडे आता लाजेऐवजी हिशोब आहे.

पुढच्या धम्मवर्गात चर्चेसाठी

१. माझ्या घरात कोणाचे शिक्षण थांबले आहे? ते पुन्हा सुरू करण्याविषयी आपण शेवटचे केव्हा बोललो?
२. त्या व्यक्तीच्या शिक्षणासाठी मी आठवड्याचे किती तास देऊ शकतो?
३. आपल्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या एका तरुणाचा कल्याणमित्र व्हायला मी तयार आहे का?

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!