शरदातील गिरिसहल : आखणी परतीच्या वेळेपासून

वसई तालुक्याचा नकाशा समोर ठेवला असता त्याची ठेवण चटकन ध्यानी येते. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणेची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वर व कामणदुर्ग यांची डोंगररांग. या चौकटीत वसलेल्या वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. नालासोपाऱ्याच्या किंवा विरारच्या चाळीत वाढणारे मूल पूर्वेची ही रांग रोज पाहते. परंतु त्या डोंगरावर पाय ठेवण्याचा योग त्याला शाळेच्या सहलीतही क्वचितच येतो. सहल म्हटली की दूरच्या थंड हवेच्या ठिकाणाचा विचार प्रथम होतो. खर्च वाढतो, वर्गणी वाढते आणि वर्गातील काही मुले केवळ पैशापायी घरी राहतात. जवळचा डोंगर निवडला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. लोकल गाडीचे तिकीट थोडक्यात येते आणि एस. टी. महामंडळ शैक्षणिक सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. मात्र जवळचा डोंगर म्हणजे सोपा डोंगर, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. आखणीचा खरा विचार येथूनच सुरू होतो.

आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने डोंगरात जाण्यास उत्तम मानले जातात, आणि ते योग्यच आहे. ओढे अजून वाहते असतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि उतारांवर सोनकीची पिवळी फुले दिसतात. कारवीचे फुलणे पाहायला मिळणे हा तर भाग्याचा भाग. ही वनस्पती सुमारे आठ वर्षांनी एकदाच एकगठ्ठा फुलते व नंतर वाळून जाते. लगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिचा बहर २०१६ व २०२४ या वर्षी आला होता. वारली व इतर आदिवासी बांधव याच कारवीच्या काठ्यांचे कूड घालून घराच्या भिंती उभारतात, ही गोष्ट वर्गात सांगण्यापेक्षा कारवीच्या रानात उभे राहून सांगितली तर मुलांच्या मनावर अधिक ठसते.

परंतु ‘पाऊस संपला’ हे वाक्य पंचांगावरून उच्चारू नये. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर ही आहे. पूर्वी ती सप्टेंबरअखेरीस धरली जात असे. शिवाय माघारीनंतरही दुपारच्या उकाड्यात पूर्वेकडून ढग दाटतात, गडगडाट होतो, विजा पडतात. २०१९ मध्ये तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ व पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे उठली आणि कापून शेतात पडलेले भात पालघर जिल्ह्यात भिजून गेले. म्हणून सहलीची तारीख घटस्थापना ते कोजागरी या काळात न धरता दिवाळीच्या सुटीच्या मागेपुढे धरावी आणि आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहिल्याखेरीज मुलांना घरून निघण्यास सांगू नये. नवरात्र टाळण्याचे आणखीही एक कारण आहे. विरारच्या जीवदानी देवीच्या डोंगरावर त्या नऊ दिवसांत भाविकांची इतकी दाटी होते की, शाळकरी मुलांची रांग सांभाळणे केवळ अशक्य ठरते.

डोंगराची निवड मुलांच्या वयावरून व्हावी. तिसरी-चौथीच्या मुलांना जीवदानीच्या पायऱ्या पुरेशा आहेत. त्या तेराशेच्या वर आहेत, हे विसरू नये. पाचवी ते सातवीसाठी तुंगारेश्वरच्या महादेवापर्यंतची वाट चांगली. हे जंगल २००३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यान व तानसा अभयारण्य यांना जोडणारा हा दुवा असल्याने येथे बिबट्याचा वावर असतो. वन विभागाची परवानगी आधी घ्यावी आणि मुलांना एकेकटे मागे राहू देऊ नये. याच अरण्याच्या कामण बाजूस चिंचोटीचा धबधबा आहे. तेथील कुंडात बुडून तरुणांचे मृत्यू झाल्याच्या घटना वर्षानुवर्षे घडत आल्या आहेत. शरदात पाणी शांत दिसते, तळ मात्र दिसत नाही. शाळेच्या सहलीत चिंचोटीचे नाव नसणेच बरे.

आठवीपासून पुढच्या मुलांसाठी विरारच्या उत्तरेस जावे. सफाळ्याजवळचा तांदूळवाडीचा किल्ला आणि पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीतून चढावयाचा काळदुर्ग हे दोन्ही दिवसभरात करून येण्याजोगे आहेत. तांदूळवाडीच्या माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पावसाच्या पाण्याचा साठा ही कल्पना आजकालची नव्हे, हे दाखवून देण्यास याहून चांगले साधन मिळणार नाही. त्या टाक्यांचे पाणी मात्र पिऊ देऊ नये. कामणदुर्गाची दाट रानातील दीर्घ चढण आणि अशेरीगडाचा शिडीचा टप्पा हे अनुभवी गिर्यारोहकांसाठी ठेवावेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी समुद्रात बुडाले. त्यानंतर शिक्षण विभागाने सहलींविषयीचे नियम कडक केले. पाण्याच्या व कड्याच्या जोखमीच्या जागा टाळाव्यात, असाच त्यांचा रोख आहे. तेव्हा ठिकाण ठरवून मग परवानगी मागण्याऐवजी शिक्षणाधिकाऱ्यांशी आधी विचारविनिमय करून ठिकाण ठरवावे.

आता वेळापत्रक. बहुतेक शाळा ते निघण्याच्या वेळेपासून मांडतात. डोंगरासाठी ते उलट, परतीपासून मांडले पाहिजे. या भागात ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहा वाजून काही मिनिटांनीच. दाट झाडीत व डोंगराच्या पूर्व बाजूस त्याही आधी अर्धा तास अंधारून येते. त्यातच दुपारी तीननंतर विजांचे भय. यावरून सर्व मुले साडेतीनपर्यंत पायथ्याच्या गावात उतरलेली असली पाहिजेत, हा पहिला निश्चय. उतरण्यास दोन तास धरले तर माथा दीड वाजता सोडावा लागेल. पाहणे, जेवण व विश्रांती यांसाठी दीड तास धरला तर बाराला माथ्यावर पोहोचले पाहिजे. प्रौढ माणूस जो चढ दोन तासांत चढतो, त्यास पन्नास मुलांच्या तुकडीला तीन ते साडेतीन तास लागतात, कारण तुकडीचा वेग हा तिच्यातील सर्वांत संथ मुलाचा वेग असतो. म्हणजे साडेआठला चढण सुरू झालीच पाहिजे आणि विरार स्थानक त्यापूर्वी बरेच आधी सोडले पाहिजे. डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ पासून धावतात; तथापि विरारपुढे त्यांची संख्या थोडी असते. एक गाडी चुकली तर दिवसाचा सगळा हिशेब कोलमडतो. बारा वाजले आणि माथा अजून दूर असला, तर आहे तेथून मागे फिरावे, हे मुलांना आदल्या दिवशीच वर्गात सांगून ठेवावे. मग ते अपयश वाटत नाही.

एक शिक्षक सर्वांपुढे, एक सर्वांमागे, आणि दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस ही व्यवस्था किमान होय. सर्वांत संथ मूल पुढच्या शिक्षकाच्या लगेच मागे चालावे. ते शेवटी राहिले तर दिवसभर धापा टाकीत धावते. ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. तापमान ३४-३५ अंशांवर जाते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. दर मुलामागे किमान दोन लिटर पाणी व क्षारसंजीवनीची पुडी असावी. पावसात वाढलेले गवत कमरेइतके असते व त्याखाली वाट दिसत नाही, म्हणून बंद बूट व पूर्ण विजार आवश्यक. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला अवयव न हलवता मुलास उचलून खाली आणावे व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिविष कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात आहे, याची चौकशी आठवडाभर आधी केलेली असावी. त्या घटकेस चौकशी करण्याइतका वेळ नसतो. कड्याला आग्या मोहोळ लटकलेले दिसल्यास धूर, अत्तर आणि आरडाओरडा ही तिन्ही वर्ज्य होत.

शाळा ज्या दिवसांत सहलीस येते, त्याच दिवसांत पायथ्याच्या पाड्यावर भाताची कापणी चालू असते. हळवे भात निघालेले, गरवे उभे, खळी सारवलेली. बांधावरून धावणारी पन्नास मुले तासाभरात बरेच पीक तुडवू शकतात. वाटाड्या म्हणून ऐनवेळी ज्या माणसास हाक मारली जाते, त्याचा त्या दिवसाचा कापणीचा रोज बुडतो. म्हणून त्याच्याशी आधी ठरवावे आणि पूर्ण रोजाहून कमी मोबदला देऊ नये. जेवणही शहरातून डब्यांत नेण्यापेक्षा गावातील महिला बचत गटास दोन दिवस आधी संख्या कळवून सांगितले, तर तांदळाची भाकरी व उडदाची आमटी गरम मिळते आणि पैसा गावात राहतो. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे जंगल आणि पाणवठे यांविषयी ग्रामसभेस कायद्याने शब्द आहे. शाळेचे एक पत्र ग्रामपंचायतीकडे जाणे हा केवळ शिष्टाचार नव्हे.

मुक्कामाची सहल करावयाची असेल तर जव्हार हे सर्वांत सोयीचे. सुमारे दीड हजार फूट उंचीवरचे हे गाव १९४८ पर्यंत मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. सुरतेच्या स्वारीस जाताना १६६४ मध्ये शिवाजी महाराज जेथे थांबले, ते शिरपामाळ येथेच आहे. दाभोसा धबधबा शरदात पाहण्यासारखा असतो. मुलांनी तो वरून व दुरूनच पाहावा.

पायथ्याच्या ग्रामपंचायतींना एक अल्पखर्ची काम हाती घेता येईल. कार्यालयात अथवा शाळेत एक नोंदवही ठेवावी. वर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीने तीत संख्या, वाटाड्याचे नाव, मुख्याध्यापकांचा दूरध्वनी आणि उतरण्याची अपेक्षित वेळ लिहावी. खाली आल्यावर त्याच ओळीपुढे प्रत्यक्ष वेळ व संख्या लिहून सही करावी. सायंकाळी पाच वाजता ज्या ओळीपुढे सही नसेल, त्या तुकडीचा शोध पोलीस पाटलाने दोन माहितगार माणसे वर पाठवून आणि ११२ क्रमांकावर कळवून सुरू करावा. अंधार पडण्यास तेव्हा तासाभराचा अवधी उरलेला असतो.