बरा झालेला रोगी पुन्हां कां बिघडतो?

छिन्नमनस्कता, जीस डॉक्टर लोक स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्या व्याधीचा रोगी इस्पितळांतून सुधारून घरीं येतो, कांहीं महिने शेतांत कामहि करितो; आणि मग त्याची झोंप उडते, कोणी नसतां आवाज ऐकूं येऊं लागतात. घरचे म्हणतात, कोणीतरी करणी केली. आमच्या मतें अशा वेळीं दोन गोष्टींची चौकशी आधीं व्हावी: औषध चालू आहे काय, आणि घरांत त्याच्याशीं कसें बोललें जातें?

औषधाची गोष्ट सरळ आहे. १९९९ सालीं न्यूयॉर्क येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत पहिल्या झटक्यांतून सावरलेल्यांवर पांच वर्षें लक्ष ठेविलें होतें. औषध सोडणारांस रोग उलटण्याचा धोका, तें घेत राहणारांच्या मानानें, जवळ जवळ पांचपट दिसला. रोगी औषध सोडतो तो नेहमीं हट्टानेंच सोडतो असें नाहीं. अंग जड होतें, हात कांपतात, वजन वाढतें. शिवाय गोळी बंद केल्यावर कित्येकदां आठवडेच काय, महिनेहि सुखरूप जातात, आणि गोळीवांचून चालतें अशी घरच्यांचीहि समजूत होते. खरी फसगत ती येथें! त्रास डॉक्टरांस सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलतां येतें. महिन्यांतून एकदां टोंचावयाचें औषधहि आहे. उपासासाठीं गोळी चुकवा असें कोणी सांगितल्यास ऐकूं नये.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. लंडन येथील समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांस असें आढळलें कीं, आईबापांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या रोग्यांपेक्षां भाड्याच्या खोलींत अगर भावंडांकडे राहिलेले अधिक बरे राहिले. मायेचें घर रोगास पोषक कसें व्हावें? ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १०१ रोग्यांच्या नातलगांशीं बोलून त्यांच्या बोलण्यांतील दोषारोप, तिटकारा व अति काळजी यांची नोंद केली. १९७२ सालच्या त्यांच्या अहवालाप्रमाणें, जेथें हें फार होतें तेथील शेंकडा ५८ रोग्यांचा रोग नऊ महिन्यांत उलटला. जेथें कमी, तेथील शेंकडा १६ जणांचा.

१९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत चंदीगडकडील कुटुंबांत असें बोलणें लंडनपेक्षां पुष्कळ कमी आढळलें, व तेथील खेड्यांत तर शहराहूनहि कमी. यावरून आमच्या खेड्यांनीं फुगून जाऊं नये. "उन्हें वर आलीं, अजून लोळतोस? तुझ्या वयाचे संसाराला लागले!" हें आम्ही अनेक ओसऱ्यांवर ऐकिलें आहे. अंथरूण न सोडणें हा आळस नसून पुष्कळदां रोगाचाच भाग असतो, हें बोलणारास ठाऊक नसतें. दुसरीकडे पंचविशीच्या मुलास घास भरविणारी, त्यास एकट्यानें विहिरीपर्यंतहि जाऊं न देणारी माउली आहे. तिला दोष द्यावा असें आमच्यानें म्हणवत नाहीं. रोग घरच्यांनीं उत्पन्न केलेला नाहीं, आणि रात्रीं जागून तीच थकली आहे. आठवड्यांतून दोन दुपारीं शेजारणीनें रोग्याजवळ बसावें, त्यास सोपेंसें काम सोबतीनें करूं द्यावें. तेवढ्यानें दोघांसहि मोकळा श्वास मिळतो.

झोंप कमी होणें, जेवण टाकणें, विनाकारण संशय घेणें, हीं चिन्हें दिसतांच पुढील तारखेची वाट न पाहतां रोग्यास डॉक्टरांकडे न्यावें. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनीसेवा २०२२ सालापासून आहे; १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि सल्ला मिळतो.