टेकूविना उभी राहणारी फुलझाडे

जबलपूरच्या परिसरातील काळी चिकण जमीन पावसाळ्यात पुष्कळ पाणी धरून ठेवते. ढगाळ हवा आणि भरपूर ओल यांमुळे बागेतील शेवंती भराभर उंच होते. पण एखाद्या जोरदार सरीने ती आडवी पडते. शेजारची कर्दळ मात्र ताठ उभी असते. दोन्ही झाडे बहुवर्षायू. मग हा भेद कशामुळे?

कोवळे खोड मुख्यतः पेशींतील पाण्याच्या दाबाने उभे राहते. ते जून होऊ लागले म्हणजे काही पेशींच्या भित्ती जाड होतात व त्यांत लिग्निन हे कठीण द्रव्य साठते. कर्दळीच्या दांड्याभोवती पानांचे तळ घट्ट गुंडाळलेले असतात, आणि जमिनीखालील जाड मूलक्षोड त्याला घट्ट धरून ठेवते. शेवंतीला अशी जोड नसते. तिचे बळ तिच्या खोडातच यावे लागते.

हे बळ बरेचसे माळ्याच्या हाती आहे. दाटीत किंवा सावलीत झाड प्रकाशाकडे धावते. त्याची पेरे लांबतात, पण खोड बारीक राहते. नत्रयुक्त खत अधिक झाल्यासही वाढ लुसलुशीत होते. खताने जोमदार झालेला उंच गहू याच कारणाने लोळत असे. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणविले, त्यामागे हेही एक कारण होते.

वाऱ्याचाही उपयोग होतो. वारंवार स्पर्श झालेली खोडे आखूड व जाड होतात, असे जॅफे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली दाखविले. काठीला करकचून बांधलेले झाड या व्यायामास मुकते.

म्हणून शेवंती उंच वाफ्यावर, भरपूर उन्हात, अंतर राखून लावावी. रोप रुजल्यावर त्याचा शेंडा खुडावा. शेंड्यातील संप्रेरकाचा अंकुश सुटताच बाजूचे डोळे फुटतात आणि झाड ठेंगणे, पसरट होते.

विद्यार्थ्यांनी एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन सारख्या कुंड्यांत लावाव्यात. त्या रुजल्यावर एक कुंडी उन्हात व दुसरी सावलीत ठेवावी. महिन्यानंतर दोहोंची पेरे पट्टीने मोजावीत, म्हणजे काठीची गरज कोठे निर्माण होते ते प्रत्यक्ष दिसेल.