संत्र्याची रोपवाटिका काढताना आधी कोणती कामे करावी ?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, भोसल्यांच्या कारकीर्दीत, औरंगाबादेकडून आणलेल्या झाडांपासून नागपूरकडील संत्र्याच्या लागवडीस आरंभ झाला, असे सांगतात. आज नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड आणि अमरावती जिल्ह्यातील वरुड व मोर्शी हे तालुके संत्र्यासाठी सर्वत्र ओळखले जातात. २०१४ साली नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. या बागांना कलमे पुरविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय असून वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाट हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. थोडी जमीन, विहिरीचे पाणी आणि घरची माणसे यांच्या बळावर हा व्यवसाय आरंभता येतो. म्हणून पुष्कळ तरुण शेतकरी त्याकडे वळतात.

परंतु नवा व्यवसाय काढणाऱ्याजवळ पैसा थोडा, माणसे थोडी आणि कामे मात्र अनेक असतात. कुंपण घालावयाचे, फाटक बसवावयाचे, नावाची पाटी रंगवावयाची, निरनिराळ्या फळझाडांची रोपे ठेवावयाची, गिऱ्हाईक शोधावयाचे, आणि त्याच वेळी बी पेरून रोपेही वाढवावयाची. अशा वेळी डोळ्यांना दिसणारे काम आधी हाती घेतले जाते व मातीआड राहणारे काम मागे पडते. त्यामुळे कोणते काम आधी व कोणते मागून, याचा निर्णय पहिल्याच हंगामापूर्वी करणे अगत्याचे आहे.

चुकीची किंमत कोण देतो ?

संत्र्याची लागवड ६ × ६ मीटर अंतरावर केल्यास एका हेक्टरात २७७ झाडे बसतात. समजा, नव्या रोपवाटिकेने पहिल्या खेपेस ५,००० कलमे विकली. म्हणजे सुमारे १८ हेक्टर बागांचे भवितव्य तिच्या हातून गेले. झाड साधारणतः पाचव्या-सहाव्या वर्षी फळावर येते. कलमाच्या मुळांत रोग असेल, तर तो विक्रीच्या दिवशी दिसत नाही. तोपर्यंत बागाईतदाराची जमीन, पाणी, खत आणि पाच वर्षे खर्ची पडलेली असतात. रोपवाटिकावाल्यास किंमत तेव्हाच मिळून गेलेली असते. नुकसान मात्र दुसऱ्याच्या शेतात उगवते. पुढे गावोगाव बोलबाला होऊन त्याचेही गिऱ्हाईक तुटते.

कामांची निवड करण्याची रीत

सर्व कामे एका कागदावर लिहून काढावी व प्रत्येक कामास तीन प्रश्न विचारावे.

(१) हे काम आज चुकले, तर पुढे दुरुस्त करता येईल काय ?
(२) त्याचा परिणाम थोड्या रोपांवर होईल की सर्व रोपांवर ?
(३) त्यासाठी ठरावीक हंगाम आहे काय ? तो गेल्यास वर्ष वाया जाईल काय ?

जे काम मागून सुधारता येत नाही, सर्व रोपांना भोवते आणि ज्याचा हंगाम ठरलेला आहे, ते पहिले. नावाची पाटी पुढल्या वर्षीही रंगविता येते. रोगट मातीत वाढलेले मूळ पुढल्या वर्षी बदलता येत नाही. या कसोटीस पुढील पाच कामे उतरतात.

पहिले काम : जागा, माती व पाणी. मूळकूज व डिंक्या या रोगांस कारण होणारी फायटोफ्थोरा बुरशी मातीतून व वाहत्या पाण्यातून पसरते. त्यामुळे संत्र्याच्या जुन्या बागेत अथवा तिच्या लगत रोपवाटिका करू नये, बागेतील माती पिशव्यांत भरू नये आणि बागेतून वाहून येणारे पाणी वाफ्यांकडे येऊ देऊ नये. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन मिश्रण ओलवावे, पारदर्शक पॉलिथीनने झाकावे व कडा मातीने बुजवाव्या. एप्रिल-मे महिन्यांत चार ते सहा आठवडे असे ठेवले असता नागपूरकडील कडक उन्हाने मिश्रण तापून बुरशी पुष्कळ अंशी नष्ट होते. या कामास खर्च अल्प आहे. परंतु पावसाळा लागला की संधी गेली.

दुसरे काम : खुंटाची निवड. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे बी ताजे पेरावे. वाळून गेलेल्या बियांची उगवणशक्ती घटते. जंबेरीच्या बियांतून निघणारी बहुतेक रोपे मातृवृक्षासारखी व एकसारखी असतात. काही मात्र निराळी निघतात. खुजी, वेगळ्या पानांची व वाकड्या मुळांची रोपे स्थलांतराच्या वेळीच उपटून टाकावी. फेकून देण्याचे हे काम जिवावर येते. परंतु निकृष्ट खुंटावर उत्तम डोळा भरूनही झाड उत्तम होत नाही.

तिसरे काम : मातृवृक्ष. ग्रीनिंग व ट्रिस्टेझा हे रोग डोळ्यांबरोबर कलमात येतात. एका रोगी झाडाचे डोळे शेकडो कलमे बिघडवितात. केवळ फळांनी लगडलेले झाड पाहून डोळे काढू नयेत. तपासलेल्या, निरोगी व सातत्याने उत्पन्न देणाऱ्या झाडाचेच घ्यावे. नागपूर येथे १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था असून आज ती केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. डोळ्यांसंबंधी तेथे चौकशी करावी.

चौथे काम : डोळा भरणे. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर जमिनीपासून सुमारे २५ सेंटीमीटर उंचीवर डोळा भरावा. खाली भरल्यास संत्र्याचे खोड ओल्या मातीच्या संपर्कात येऊन डिंक्या रोगास वाट मिळते. खालचे भरणे वाकून झटपट होते, म्हणून मजुरास उंचीची काठी नेमून द्यावी. झाड बदलताना चाकू निर्जंतुक करून घ्यावा.

पाचवे काम : परवाना व नोंद. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा असून परवान्यासंबंधी कृषी खात्याकडे आधीच विचारणा करावी. खुंट केव्हा पेरला, डोळा कोणत्या झाडाचा, कलम कोणास विकले, हे वहीत लिहावे. तक्रार आल्यास दोष कोठे आहे, हे त्या वहीवरूनच कळेल.

कोणती कामे थांबू शकतात ?

पक्के फाटक, रंगीत फलक, कचेरीची खोली आणि अनेक फळझाडांची रोपे ठेवण्याची हौस, ही कामे टाकाऊ नव्हेत. परंतु ती पहिल्या विक्रीच्या पैशातून करावी. जनावरांपासून रक्षण होण्यापुरते काटेरी कुंपण आरंभी पुरे होते. पहिल्या वर्षी २०,००० कलमांची हाव धरण्यापेक्षा जितक्यांवर स्वतःची नजर राहील, तितकीच करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवी रोपवाटिका पाहावयास जाताना फाटकाकडे न पाहता प्रथम पिशवीतील माती, डोळ्याची उंची व नोंदवही पाहावी. मार्चअखेर गावात सभा घेऊन उन्हात माती तापविण्याचे प्रात्यक्षिक दाखविल्यास हंगाम हुकणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावातील रोपवाटिकेस पाणी कोठून येते ? वाटेत संत्र्याची बाग लागते काय ?
(२) हाती थोडीच रक्कम असल्यास ती तारेच्या कुंपणावर खर्च करावी की पॉलिथीन, वाळू व निरोगी डोळ्यांवर ? कारणे सांगा.
(३) मागील वर्षी घेतलेली कलमे कोणत्या झाडाची, हे विक्रेत्यास सांगता आले काय ?