दीर्घ पल्ल्याचे धावपटू, कर्बोदके आणि धावण्यानंतरचा दाह

हैदराबादेतील विद्यानगरनजीक, जामे-उस्मानिया भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस आली व १९६९ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१७ मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ज्वारी, तांदूळ, केळी इत्यादी जिन्नसांतील पोषकद्रव्यांचे प्रमाण दिलेले आहे. आजारी माणसाप्रमाणेच दीर्घ पल्ल्याच्या धावपटूचा आहार ठरवितानाही ही माहिती उपयोगी पडते. अनेक तरुण पहाटे रिकाम्या पोटी मैलोगणती धावतात. ही सवय कितपत हितकारक आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

शरीरातील इंधन

धान्य, फळे, साखर व गूळ यांतून मिळणारी कर्बोदके शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठविली जातात. हा साठा यकृतात सुमारे १०० ग्रॅम व स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम असतो. रात्रीच्या उपवासाने यकृतातील साठा बराच घटतो. दीड-दोन तास वेगाने धावल्यास स्नायूंतील साठाही कमी होतो. अशा वेळी अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल या संप्रेरकांचे प्रमाण वाढते. स्नायूंतून इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य रक्तात उतरते व यकृतास अधिक ग्लुकोज सोडण्याचा संकेत देते. रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्याही वाढते. धावण्यानंतरच्या दाहाची ही लक्षणे होत.

प्रयोगांतील निष्कर्ष

अमेरिकेतील डेव्हिड नीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात या विषयाचा अभ्यास केला. धावपटूंच्या एका गटास कर्बोदकयुक्त पेय व दुसऱ्यास तशाच चवीचे, परंतु कर्बोदकविरहित पेय देण्यात आले. पहिल्या गटात रक्तशर्करा टिकून राहिली, कॉर्टिसॉल कमी वाढले आणि दाहाशी संबंधित काही द्रव्यांची वाढही मर्यादित राहिली.

तथापि याचा अर्थ साखर हे दाहावरील औषध आहे, असा नव्हे. स्नायुतंतूंना होणारी सूक्ष्म इजा व दुसऱ्या दिवशीचे अंग दुखणे कर्बोदकांनी टळत नाही. त्यास विश्रांतीच हवी. शिवाय थोडा दाह हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो. तो दडपण्यासाठी शर्यतीपूर्वी वेदनाशामक गोळ्या घेण्याची प्रथा घातक आहे. १६० किलोमीटरच्या शर्यतीतील धावपटूंची एक पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाल्याचे आढळले नाही. उलट त्यांच्या रक्तातील दाहाची चिन्हे अधिक होती.

व्यवहारातील उपयोग

६० किलो वजनाच्या धावपटूने लांबच्या धावेपूर्वी दोन-तीन तास सुमारे १२० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. दीडशे ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्या व एक केळे यांतून ती मिळतात. पहाटे निघणाऱ्याने आदल्या रात्री पोटभर जेवून निघण्यापूर्वी एखादे केळे खावे.

धाव तासाहून अधिक असेल, तर दर तासास ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरेत. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ व लिंबाचा रस घालून केलेले सरबत यासाठी चालते. त्याच्या अर्ध्या लिटरातून ३० ग्रॅम कर्बोदके मिळतात. धाव संपल्यावर तासाभरात वरणभात घ्यावा. ७५ ग्रॅम तांदळाच्या भातातून सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके मिळतात व वरणातून स्नायूंच्या दुरुस्तीस लागणारी प्रथिने.

पोलीस भरतीसाठी १,६०० मीटर किंवा ५ किलोमीटर धावणाऱ्यांना धावताना काही खाण्यापिण्याची गरज नसते. त्यांना रोजचा सकस आहार पुरेसा आहे. मधुमेही व्यक्तींनी मात्र वैद्यकीय सल्ल्याविना असे प्रयोग करू नयेत.

महागडी पूड वा तयार पेये परवडत नाहीत, म्हणून खेड्यातील धावपटूने मागे राहण्याचे कारण नाही. लागणारे इंधन त्याच्या घरातच असते. ते योग्य वेळी पोटात जाईल, एवढी दक्षता पालकांनी व क्रीडाशिक्षकांनी घ्यावी.