मेणबत्तीची वात

मेणबत्तींत जळतें तें मेण, वात केवळ निमित्तमात्र, असें पुष्कळांस वाटतें. तें अर्धेंच खरें आहे. ज्योतीच्या उष्णतेनें मेण वितळतें, सुताच्या तंतूंमधील सूक्ष्म फटींतून वर चढतें, आणि तेथें त्याची वाफ होऊन ती पेट घेते. मायकेल फॅरडे यांनीं १८६० च्या नाताळांत लंडन येथें सुरू केलेल्या व्याख्यानमालेंत मुलांस हेंच प्रयोगांनीं दाखविलें होतें.

तेव्हां घरीं मेणबत्त्या करणारानें मेणाइतकाच वातीचाही विचार करावा. वातीचीं कामें दोन: मेण वर नेणें, आणि मेणाबरोबर स्वतः जळून नाहींसें होणें. या दुसऱ्या कामाचा विसर पडतो. नायलॉनचा दोरा वितळून त्याचा गोळा होतो. लोंकर व रेशीम नुसतीं करपतात. कापसाचें सूत दोन्ही कामें करितें.

पण सूत पिळाचें कीं वेणीचें? समईंतील पिळाची वात आपण मधून मधून सारतों, तिची काजळी झाडतों. मेणबत्तीजवळ असें कोण बसणार? युरोपांत पूर्वीं चरबीच्या मेणबत्त्यांची काजळी खास कात्रीनें वरचेवर कापावी लागे. १८२५ च्या सुमारास कांबासेरेस नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें वेणीची वात प्रचारांत आणली. ही वात जळतांना वांकते, तिचें टोंक ज्योतीच्या कडेबाहेर येतें, आणि तेथें भरपूर प्राणवायु मिळून त्याची राख होते. एवढ्याशा वांकण्यानें कात्रीचें काम संपलें!

ज्यांस मेणबत्ती परवडत नसे ते इंग्लंडांतील खेडूत लव्हाळ्याची वात करीत. सर्व साल सोलली तर मऊ गाभा मोडतो. म्हणून सालीची एक बारीक पट्टी आधारास ठेवून तो चरबींत बुडवीत. गिल्बर्ट व्हाइट यांनीं १७७५ सालीं घड्याळ लावून पाहिलें, तों साडेअठ्ठावीस इंची काडी ५७ मिनिटें जळली. गरिबाच्या घरचा प्रकाश असा मोजूनमापून वापरावा लागे.

कांहीं तयार वातींत ताठपणासाठीं धातूची तार असते. ती शिशाची असल्यास धूर विषारी होतो. अमेरिकेंत २००३ सालीं अशा वातींवर बंदी आली. तार उघडी करून कागदावर घासावी. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटल्यास ती वात टाकून द्यावी.

जाडी मात्र प्रयोगानेंच ठरवावी. मधमाशांच्या मेणास पॅराफिनपेक्षां जाड वात लागते. एकाच साच्यांत तीन जाडींच्या वातींच्या तीन मेणबत्त्या ओतून त्या वारा नसलेल्या जागीं, आपल्या देखत, तासभर जाळाव्या. बारीक वातीची ज्योत वितळलेल्या मेणांत बुडूं लागते. फार जाड वातीवर काजळीचें बोंड धरून धूर निघतो. जिची ज्योत स्थिर राहील ती वात त्या मेणास व त्या साच्यास योग्य. साचा बदलला कीं परीक्षा पुन्हां घ्यावी.